भेटीची वेळ: गुरुवार, तीन ते चार

“एक दिवस तरी उपाशी राहा की रे. एकच दिवस. उद्या मी तापाने पडले तर काय करशील?”

माझ्या उजव्या कोपराला लागून ही कुरकुर चालली होती. आमच्या कल्चर रूममध्ये दोन हूड इतके चिकटून बसवलेत की एकीने हात पसरला तर दुसरीने आकसायचं. हूड म्हणजे समोर काच आणि आत सतत गाळलेली हवा असलेलं टेबल. जंतू शिरू नयेत म्हणून पेशींची सगळी कामं त्यात हात घालूनच करायची. रुचिरा मास्कच्या आत पुटपुटत प्लेटमधलं जुनं गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ अन्न, ओढून घेत होती आणि ताजं घालत होती. रविवारची सकाळ. बाहेर सगळं आवार झोपलेलं.

“ऐकू जातं का त्याला?” मी विचारलं.

“नाही नं ताई. म्हणून तर बोलते.”

मी नलिनी, इथे सगळ्यांची नलूताई. बावीस वर्षांपूर्वी या संस्थेत काचसामान धुवायला लागले, तेव्हा हातात बारावीचं सर्टिफिकेट आणि दोन रबरी हातमोजे होते. धुवायला येणाऱ्या बाटल्यांवरची नावं वाचत, मग पुस्तकं मागून आणत, मग लोकांच्या चुका बघत शिकले. आता नवीन पीएचडीचं पोर आलं की पहिला महिना माझ्या ताब्यात देतात. डिग्री त्यांना मिळते, बोटं मी वळवून देते.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माणसाचं चमचाभर रक्त घ्यायचं. त्यातल्या काही पेशींना ठरावीक प्रथिनांच्या मदतीने स्वतःचं वय विसरायला लावायचं. त्या मागे मागे जात गर्भातल्या पेशींसारख्या होतात, म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही अशा. त्यांना आम्ही मूळ पेशी म्हणतो. रोज खायला घातलं तर त्या वर्षानुवर्षं वाढत राहतात. त्यांतल्या थोड्या काढून, ठरलेल्या दिवशी ठरलेली द्रव्यं देऊन, त्यांना हृदयाच्या वाटेला लावायचं. दहाव्या-बाराव्या दिवशी प्लेटचा एक कोपरा हलतो. मग दुसरा. मग सगळ्या एका ठेक्यात. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी खुर्ची मागे सरकवून उभी राहते.

यातूनच पुढे हृदयपट्टी निघाली. या पेशी दोन मऊ खांबांमध्ये ताणायच्या, रोज विजेचा हलकासा व्यायाम द्यायचा, आणि नखाएवढी पट्टी तयार होते. ती तीन-चार महिने टिकते, मग त्याच मूळ पेशींतून नवी करायची, आणि ज्याचं रक्त त्याच्या हृदयासारखीच वागते. त्यामुळे हृदयाचं कुठलंही नवीन औषध आधी पट्टीला आणि मग पेशंटला, असा कायदाच झाला. कायद्यात एक कलम होतं: माणूस गेल्यावर त्याच्या पेशी नातेवाइकांच्या सहीशिवाय नष्ट करायच्या नाहीत, आणि सही होईपर्यंत आठवड्यातून एकदा नातेवाइकांना पट्टी बघू द्यायची. कलम लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, कोण येतंय एवढ्यासाठी.

आले. आमच्याकडे गुरुवारी तीन ते चार. बाहेरच्या बाकावर चपला काढून रांगेत बसतात. एक आजोबा बायकोच्या पट्टीसमोर दहा मिनिटं सुनेच्या तक्रारी करतात आणि हलके होऊन घरी जातात.

पण रुचिरा ज्याच्यावर कुरकुरत होती तो पेशंट नव्हता. तो आमचाच होता. पराग वाकचौरे.

आमच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे. नवीन विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात त्याचं रक्त घ्यायचं. आजारी माणसांच्या पट्ट्या कशाशी तरी ताडून बघायला निरोगी माणसांच्या पट्ट्या लागतात, आणि निरोगी माणसं फुकट कुठून आणणार? पराग आणि रुचिरा एकाच दिवशी रुजू झाले. तो संगमनेरकडचा, ही वर्ध्याची. दोघांनी शेजारी बसून बाही वर केली, आणि याला रक्त बघून घेरी आली म्हणून हिने स्वतःचे पेढे त्याला दिले.

पेशींना रविवार कळत नाही, दिवाळीही कळत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी दोघांनी रविवार वाटून घेतले. एका रविवारी त्याने दोघांच्या पेशींना खायला घालायचं, पुढच्या रविवारी तिने. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्यात कुणी आपली प्लेट दुसऱ्याच्या हातात देत नाही. चार वर्षांचं काम असतं त्यात. आम्ही बायका जेवणाच्या सुट्टीत म्हणायचो, यांचा साखरपुडा झालाच म्हणा, आता फक्त यांना कळायचं राहिलंय.

त्या फेब्रुवारीतला तो रविवार रुचिराचा होता. म्हणून तो बॅडमिंटन खेळायला गेला. संस्थेच्याच कोर्टवर, सकाळी सव्वासातला, सर्व्हिस करायला हात वर गेला आणि मग पराग सगळाच खाली आला. एकोणतीस वर्षांचा. तेव्हा रुचिरा या खुर्चीत बसून त्याच्या पेशींना खायला घालत होती.

सबनीस सरांनी, म्हणजे दोघांच्या गाइडनी, संगमनेरला फोन केला. फोनवर ते एवढंच म्हणाले, “लगेच निघा.” त्यानंतर सव्वा वर्षात आमच्या लॅबमध्ये त्या सकाळबद्दल याहून जास्त कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. परागचं टेबल, परागची पट्टी, परागला खायला घातलं का, पराग यंदा छान वाढतोय. सगळं वर्तमानकाळात.

---

त्याची आई, मालनताई, पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गावात अंगणवाडी सेविका. अर्धं आयुष्य लोकांची पोरं वजनकाट्यावर ठेवण्यात गेलेलं. तिचा नवरा वायरमन. तो एकदाच आला आणि कल्चर रूमच्या दारातूनच मागे फिरला.

आम्ही पट्टीचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं होतं. तिने तिकडे पाहिलंच नाही. सरळ मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ. मग डोळा न काढता विचारलं,

“वाढ कशी आहे?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रुचिरा म्हणाली, “चांगली आहे काकू.”

“वजन?”

“सतरा मिलिग्रॅम.”

“म्हणजे हिरव्यात का पिवळ्यात?”

अंगणवाडीच्या तक्त्यात बरं वजन हिरव्या पट्ट्यात, कमी वजन पिवळ्यात. रुचिराला ते कसं माहीत होतं कोण जाणे. “हिरव्यात,” ती म्हणाली.

तेव्हा मालनताई हसली. “हा कधी हिरव्यात आला नाही बघा. सगळ्या गावाची पोरं मी हिरव्यात आणली, आन माझंच पिवळ्यात. लोक तोंडावर बोलायचे.”

मग ती दर गुरुवारी यायला लागली. पहाटेची एसटी, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळच्या गाडीने परत. पट्टीशी ती फार बोलायची नाही. डोळा लावून बसायची आणि उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर त्या ठेक्यात हलायची. चार वाजले की डबा काढायची. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, कधी शेंगदाण्याची पोळी. डबा परागसाठी नसायचा, रुचिरासाठी असायचा.

“त्याला तू घालतीस. तुला कोण घालतं?” ती म्हणायची, आणि शेवटचा घास संपेपर्यंत उठू द्यायची नाही.

त्या वर्षी दिवाळीत एक अपघात झाला. पेशींचा राखीव साठा आम्ही बारीक कुप्यांमध्ये गोठवून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतो. टाकी दर आठवड्याला भरावी लागते. सुट्टीत प्रत्येकाला वाटलं दुसरा भरेल. परत आलो तेव्हा टाकी कोरडी होती आणि परागच्या पेशींच्या सगळ्या कुप्या वितळून गेल्या होत्या. राहिली ती रुचिराच्या हातातली प्लेट. तेव्हापासून ती एक दिवसही गावाला गेली नाही. वर्ध्याला बहिणीचं लग्न झालं, ते तिने पेशी उबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरजवळ उभं राहून फोनवर पाहिलं.

---

मग समृद्धीचा प्रश्न आला. परागची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, जिल्ह्याची कबड्डीपटू. परागच्या शवविच्छेदनातल्या नमुन्यात हृदयाच्या ठोक्याशी संबंधित एका जनुकात एक बदल सापडला होता. तोच बदल समृद्धीत निघाला. पण असा बदल याआधी जगात कुणात नोंदलेला नव्हता. तो घातक की निरुपद्रवी, कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून ठोके मंदावणारी गोळी सुरू केली आणि खेळ बंद केला.

एका गुरुवारी ती आईबरोबर आली आणि बाकावर माझ्याशेजारी पाय पसरून बसली.

“नलूताई, गोळी घेतली की पायात सिमेंट ओतल्यासारखं होतं. चढाईला जायचं म्हणते मी, पाय म्हणतात बस खाली.”

“अगं, पण...”

“जूनमध्ये राज्याचं शिबिर आहे. एकदाच येतं असं बोलावणं. भावाचं झालं म्हणून माझं पण होईल, हे कुठं लिहिलंय? लिहिलेलं दाखवा, मी घरी बसते.”

लिहिलेलं दाखवायचा एक मार्ग होता. परागच्या पट्टीत तोच बदल असणार. तिला ताण द्यायचा, म्हणजे धावताना शरीरात जे द्रव्य सुटतं ते तिच्यावर टाकायचं. ठोका बिघडला तर बदल घातक. नाही बिघडला तर समृद्धी मोकळी. तिच्या स्वतःच्या रक्तातून पट्टी करायला आठ महिने लागले असते. परागची तयार होती. समृद्धीच्या डॉक्टरांनी लेखी मागितलं. रुचिराने मार्च-एप्रिलमध्ये सहा पट्ट्यांवर चाचण्या केल्या.

एकही ठोका चुकला नाही. कितीही ताण द्या, पट्टी आपली घड्याळासारखी.

सबनीस सरांनी टेबलावर थाप मारली. “खेळू द्या पोरीला!” रुचिराच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्या थापेसरशी पूर्ण झालं. गुरुवार, पंधरा मे. त्या दिवशी सर समृद्धीच्या हातात पत्र देणार, ते डॉक्टरांना दाखवून गोळी बंद, आणि शिबिर.

मालनताईला आणि समृद्धीला आम्ही आधीच्या गुरुवारीच सांगितलं. ती पट्टीकडे बघत म्हणाली, “लई बाळसं धरलंय यानं इथं आल्यापासून. माझ्याकडं असताना असा नव्हता.”

सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य चपलेत खडा गेल्यासारखं टोचत राहिलं.

---

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे ती कुरकुर ऐकली त्याच दिवशी, मी जुनं कपाट आवरत होते. परागच्या वह्या हाताला लागल्या. त्याच्या अक्षरात दोन वर्षांपूर्वीची पानं. ‘ठोके चुकले: तीन. खांब सैल असावा.’ पुढच्या आठवड्यात, ‘पुन्हा चुकले. यंत्र तपासणे.’ त्यापुढे पेन्सिलीने, ‘आमची पट्टी लाजते. नलूताई समोर असल्या की नीट वागते.’

मला आठवलं. तो खरंच तसं म्हणायचा आणि मी त्याला टपली मारायचे. त्याचं हृदय त्याला त्याच्याच प्लेटमधून सांगत होतं, आणि आम्ही सगळे खांब घट्ट करत बसलो होतो.

वही घेऊन मी रुचिराकडे गेले. तिने वाचलं.

“त्या पट्ट्या कच्च्या होत्या ताई. तेव्हा पद्धत नवीन होती.”

“असेल. ओळख-चाचणी कधी केली होतीस शेवटची?”

ओळख-चाचणी म्हणजे पेशी ज्याच्या म्हणतो त्याच्याच आहेत ना, हे डीएनएच्या सोळा खुणांवरून ताडून बघणं. दर सहा महिन्यांनी करायचा नियम आहे. मीच शिकवते पहिल्या महिन्यात.

ती हातमोज्याचं टोक ओढत राहिली. “नाही केली.”

“सव्वा वर्षात एकदाही नाही?”

“कशाला करायची? तोच तर आहे.”

सोमवारी नमुना दिला. बुधवारी दुपारी रिपोर्ट आला. रुचिराने तो स्क्रीनवर उघडला आणि मी तिच्या खांद्यावरून वाचला. पहिल्याच ओळीत होतं: Y गुणसूत्र आढळले नाही.

“असं होतं,” ती घाईने म्हणाली. “पुरुषांच्या पेशी जुन्या झाल्या ना, की कधीकधी Y हरवतं. पेपर आहेत यावर. मी दाखवते तुम्हाला.”

“बाकीच्या खुणा बघ.”

तिने परागच्या रुजू होतानाच्या खुणांचं कार्ड काढलं. सोळापैकी चार जुळल्या, आणि चार तर कुणाच्याही कुणाशी जुळतात. मग ती थांबली. तिने स्वतःच दुसरं कार्ड उघडलं, स्वतःचं, आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचत गेली. सोळाच्या सोळा.



पहिल्या महिन्यात मी एक गोष्ट पोरांच्या डोक्यात घालते: दोन माणसांच्या पेशी हूडमध्ये एकदम उघडायच्या नाहीत आणि प्रत्येकाची मीडियमची बाटली वेगळी. पिपेटचं, म्हणजे द्रव ओढायच्या नळीचं, टोक पेशींना लागून परत बाटलीत गेलं, तर दोन-चार पेशी बाटलीत पडतात आणि तिथून दुसऱ्याच्या घरी जातात. त्या जर जोमाने वाढणाऱ्या असल्या, तर दोन महिन्यांत घर त्यांचंच. मूळ मालक थोडे थोडे धुतले जातात. कुणी मरताना दिसत नाही.

“बाटली,” मी म्हटलं.

“हो.”

“एकच केलीस.”

“त्या रविवारनंतर दोन भरायला घेतल्या ताई. एकीवर माझं नाव घातलं. दुसरीवर त्याचं घालायला घेतलं आणि हात पुढे जाईना. तीन दिवस प्रयत्न केला. पेशी उपाशी राहायला लागल्या. म्हणून मग एकच भरली. दोघांची. नाव नाही घातलं त्याच्यावर. पाच-सहा आठवडे तशीच भरत होते.”

मला माहीत होतं. फ्रिजमधली बिननावाची बाटली मी पाहिली होती. रोज पाहत होते. दुसऱ्या कुणाची असती तर सगळ्या लॅबसमोर झाडलं असतं. पण तिचा चेहरा बघून म्हटलं, जाऊ दे, आत्ता नको, पुढच्या आठवड्यात बोलू. तो पुढचा आठवडा काही आला नाही.

“म्हणजे मी एवढे दिवस...” रुचिरा म्हणाली. तिने प्लेट उचलून उजेडाकडे धरली. सकाळीच याच प्लेटला रागावली होती ती.

---

सबनीस सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. वाईट माणूस नाही तो. परागच्या खुर्चीवर अजून कुणाला बसू देत नाही.

“समृद्धीला पत्र द्यायचं नाही, हे तर उघड आहे,” ते म्हणाले. “गोळी चालू. तिच्या रक्ताची पट्टी उद्याच सुरू करायची. शिबिर जाईल, इलाज नाही. पण वाकचौरे बाईंना... त्यांना काय सांगायचं?”

“खरं,” रुचिरा म्हणाली.

“खरं सांगायचंच आहे गं. पण एकदम? चाचण्या पुन्हा करायच्या आहेत, तांत्रिक अडचण आहे, एवढं उद्या सांगू. हेही खोटं नाही. बाकीचं सावकाश. त्या येतात, बघतात, जातात. कुणाचं काय नुकसान आहे त्यात?”

“आणि माझं चौथं प्रकरण?”

“ते फाडावंच लागेल. कदाचित तिसरंही.” सर खाली बघून म्हणाले. “एक वर्ष वाढवून घेऊ. मी लिहीन.”

प्रबंधाचं ऐकून तिने मान हलवली, कुणीतरी गाडी दहा मिनिटं उशिरा आहे असं सांगितल्यासारखी. मी सरांच्या बाजूने होते, हे कबूल करते. मालनताईची ती मांडीवर हलणारी बोटं मला दिसत होती. त्या बोटांखालून ठेका काढून घ्यायचा कुणी?

---

गुरुवारी दोघी तीनला पाच कमी असताना आल्या. समृद्धीने नवीन बूट घातले होते आणि बाकावर बसून ती ते काढायला तयार नव्हती. मालनताईच्या पिशवीत डब्याबरोबर मिठाईचा पुडा होता.

सरांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. तांत्रिक अडचण. थोडा वेळ लागेल. गोळी सोडायची नाही.

“किती वेळ?” समृद्धीने विचारलं.

“सहा-आठ महिने.”

“शिबिर पुढच्या महिन्यात आहे सर!”

“बघू आपण, काही करता येतं का...”

“बघू नका, सांगा! मागच्या गुरुवारी टेबल बडवून सांगितलं ना तुम्ही? तेव्हा नव्हती का अडचण?”

“समू,” आईने दटावलं, “मोठ्यांशी असं बोलतात?” आणि स्वतः आत येऊन नेहमीच्या स्टुलावर बसली, पदर सावरला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. दोन बोटं हलायला लागली. “तू सांग रे हिला,” ती पट्टीला म्हणाली. “आठ महिने म्हंजे काय जन्म नाही.”

सर माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

“त्या गोळ्या घेतल्याच नाहीत मी दोन दिवस,” दारातून समृद्धी म्हणाली. “आज पत्र मिळणार म्हणून. आणि आता घेणार पण नाही. पट्टी चांगली आहे, सगळ्यांना माहितीये चांगली आहे. अडचण कागदात असेल, माझ्यात नाही.”

त्याच क्षणी रुचिरा पुढे झाली.

“पट्टी चांगली आहे कारण ती माझी आहे.”

कुणालाच कळलं नाही. तिने मग सावकाश सांगितलं, पहिल्या महिन्यातल्या पोराला सांगावं तसं. बाटली एकच होती. माझ्या पेशी त्याच्यात गेल्या. माझ्या जोरात वाढतात. त्याच्या उरल्या नाहीत. हे माझं हृदय आहे समृद्धी, म्हणून ते चुकत नाही. त्याच्या स्वतःच्या पट्ट्या चुकायच्या. त्याच्या वहीत लिहिलंय, मी दाखवते. तुझ्यात तेच आहे. गोळी आत्ता घे. माझ्यासमोर घे.

मी पाण्याचा ग्लास आणला. तिने दप्तरातून पाकीट काढलं, गोळी घेतली, आणि मग दाराला टेकून तशीच खाली बसली, नवीन बुटांसकट.

मालनताईने डोळा अजून काढलेला नव्हता. पण बोटं थांबली होती.

“कधीपासनं?” तिने विचारलं.

“तुम्ही पहिल्यांदा आलात ना काकू, त्याच्या थोडं आधीपासून. किंवा नंतर. मला नक्की सांगता येत नाही. मला कळलंच नाही तो कधी...” रुचिरा अडखळली. “रोज बघत होते मी. रोज खायला घालत होते.”

“म्हंजे मी तुलाच बघत होते.”

“हो.”

“समद्या गुरुवारी.”

“हो काकू.”

सर मध्ये पडले. “वाकचौरे बाई, आम्ही अजून प्रयत्न सोडलेले नाहीत. त्याच्या पेशी आम्ही सुरुवातीला दुसऱ्या एका लॅबला पाठवल्या होत्या का, ते तपासतो आहे. एखादी कुपी कुठे शिल्लक असली तर पराग परत...”

“हो सर, मी पण विचारते सगळ्यांना,” रुचिरा एकदम म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते, मला ते आवडले नाहीत. “एक कुपी जरी मिळाली ना काकू, तर मी वाढवीन त्याला. वेगळी बाटली करीन. रविवारी कुणाला हात लावू देणार नाही. मी कुठेच जाणार नाही, तुम्ही काळजी करू नका, मी त्याला...”

“सर, तुम्ही थांबा जरा,” मालनताई म्हणाली.

तिने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. स्टुलावरून उठली. रुचिराच्या हातातले मोजे तिने एकेक बोट सोडवत उतरवले, लहान पोराचे काढतात तसे, आणि टेबलावर ठेवले. मग तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“पोरी,” ती म्हणाली, “पराग मेला गं.”